मदत हवी आहे: माझा एचपीव्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह, आणि लेकीच्या लशीचा प्रश्न

मैत्रिणींनो, तपासणीत मला एचपीव्ही १६ (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवू शकणाऱ्या विषाणूचा एक प्रकार) निघालाय. पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल आहे, तरी डॉक्टरांनी कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख बघायची तपासणी) करायला सांगितलीय. रिपोर्ट वाचून हातपाय गळाले. बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, वर्षानुवर्षं टिकला तरच पेशी बदलू लागतात, हे समजलंय. पण गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळेच होतात, म्हणून जिवाला घोर. कॉल्पोस्कोपी झालेल्यांनी सांगा ना, दुखतं का? लगेच कामाला लागता येतं?

त्याहून मोठा प्रश्न लेकीचा. ती १३ वर्षांची आहे. एचपीव्हीची लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणूनच ती ९ ते १४ या वयात द्यायला सांगतात. जाऊबाई म्हणतात, "एवढ्याशा पोरीला कशाला?" मला तर हेच वय योग्य वाटतं. तुमच्या मुलींना एक डोस दिला की दोन? नंतर दंड दुखणं, चक्कर असं काही झालं? आणि लस कशासाठी, हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगितलंत? ती विचारणारच, आणि मला तिला खरं सांगायचंय.