इंदूर : केअर सेंटरमध्ये सासूबाईंची आबाळ होतेय का, हे ओळखायचं कसं? तक्रार कुठे करायची?

सुदामानगरची_सून

सासूबाई ८१ वर्षांच्या. स्मृतिभ्रंश आहे, डावी बाजू अर्धांगाने गेलेली. इंदूरच्या एका खासगी केअर सेंटरमध्ये ठेवलंय, नाव मुद्दाम लिहीत नाही. आम्ही पुण्याला, नणंद इंदूरलाच, ती रविवारी जाऊन येते.

सध्या दिसतंय ते असं : तीन महिन्यांत वजन ५२ वरून ४७ किलो. माकडहाडाजवळ रुपयाएवढा लालसर डाग. दुपारी कधीही जा, झोपलेल्याच, तोंडातून लाळ. डाव्या दंडावर ओळीने चार निळे ठिपके. विचारलं की उत्तर तयार असतं : "वय झालंय, जेवतच नाहीत, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना."

हे सगळं खरंही असू शकतं. उगाच कुणावर आळ घ्यायचा नाही, पण डोळेझाकही करायची नाही. नेमकं काय बघायचं, काय लिहून ठेवायचं?

पलासिया_सिस्टर

ताई, आधी तो डाग. त्यावर बोट दाबून सोडा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही तशीच लाल राहिली तर ती शय्याव्रणाची (बेडसोरची) पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने चाचपा : भोवतालच्या जागेपेक्षा गरम, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते का. टाचा, खुबे, कोपरं आणि डोक्याची मागची बाजूही बघा. टाचा बघायचं सगळे विसरतात. मोजे काढल्याशिवाय टाचेचा फोड कळत नाही.

लाली असतानाच भार काढला तर ती बहुतेक वेळा काही दिवसांत जाते. कातडी फुटली की आठवडे, हाडापर्यंत गेली की महिने. म्हणून सेंटरला विचारायचा प्रश्न "जखम कशी झाली" हा नाही, "कूस बदलल्याची नोंद दाखवा" हा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते, रात्रीसुद्धा. अगदी आडवं कुशीवर ठेवलं तर सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं, म्हणून पाठीमागे उशी लावून ३० अंशांची कलती कूस. टाचेखाली उशी नको, पोटरीखाली हवी, टाच अधांतरी राहिली पाहिजे. मध्ये भोक असलेली रबरी रिंग दिली असेल तर काढायला लावा, तिच्या कडेने रक्तपुरवठा उलट अडतो. लाल जागा चोळायचीही नाही.

हवेची गादी असेल तर पंप चालू आहे का ते हात लावून बघा. पुष्कळदा मोबाइल चार्ज करायला प्लग काढलेला असतो आणि गादी नुसती प्लास्टिकची पिशवी होऊन पडलेली असते. गादी आहे म्हणून कूस बदलायची नाही, असंही नाही.

नोंदवही वाचायची एक पद्धत आहे. दिवसभराच्या बारा नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरकसपणाने लिहिलेल्या असतील, किंवा अडीच वाजता चारची नोंद आधीच भरलेली असेल, तर ती वही कामाची नाही. पण अशी वही तुमच्या दृष्टीने कामाची! तिचा फोटो घ्या.

आता वजन. महिन्यात ५ टक्के, तीन महिन्यांत साडेसात, सहा महिन्यांत १० टक्के घट म्हणजे कारण शोधलंच पाहिजे. तुमची साडेनऊच्या वर आहे. "जेवत नाहीत" हे कारण नव्हे, ती तक्रार झाली. नणंदेला ऐन जेवणाच्या वेळी पाठवा. दाताची कवळी तोंडात आहे की डबीत? अर्धांगात त्या बाजूचं भान गेलं असेल तर ताट डावीकडे ठेवून उपयोग नाही, ते त्यांना दिसतच नाही. भरवताना बसवतात का? पाणी पिताना ठसका लागतो का? लागत असेल तर गिळण्याची तपासणी हवी, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. अशा रुग्णाला भरवायला अर्धा तास सहज लागतो. एका आयाबाईकडे आठ जणांचं भरवणं असेल तर प्रत्येकाला किती मिनिटं आली, तुम्हीच हिशेब करा. रात्रपाळीला किती खाटांमागे किती माणसं, हेही विचारा.

पाणी कमी पडतंय का हे हाताची कातडी चिमटीत धरून कळत नाही, म्हातारपणी ती तशीही सैल असते. जीभ कोरडी आहे का, लघवी गडद आहे का ते बघा. डायपर तुम्ही विकत देत असाल तर सोपं आहे : दिवसाला चार-पाच लागायला हवेत. दहाचं पाकीट आठवडाभर पुरत असेल तर बदलतच नाहीत.

राजवाडा_फार्मसी

झोप आणि ठिपके, या दोन गोष्टींवर लिहितो.

रक्त पातळ करायच्या गोळीने डाग सहज उठतात, खरं आहे. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे चट्टे गोळीशिवायही येतात. पण ते वेडेवाकडे पसरलेले असतात. ओळीने चार ठिपके असतील तर दंडाची आतली बाजू बघा, तिथे पाचवा, मोठा, अंगठ्याचा डाग आहे का. असेल तर कुणीतरी धरून ओढलंय. ते रागाने असेल किंवा उचलायची चुकीची पद्धतही असेल. लुळ्या हाताला धरून उठवणं मात्र कोणत्याही कारणाने चूकच, खांदा निखळतो. कान, मान, गाल, छाती, मांडीची आतली बाजू, तळपाय इथले डाग सहसा धडपडून होत नाहीत. मनगटाभोवती किंवा घोट्याभोवती गोल वळ असेल तर बांधून ठेवतात का, ते थेट विचारा. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे सांगता येत नाही, त्या वादात पडू नका.

झोपेबद्दल : औषधांचा तक्ता मागा आणि त्यात क्वेटियापीन, हॅलोपेरिडॉल, ओलान्झापीन, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, प्रोमेथाझिन यांपैकी काही आहे का बघा. असल्यास कोणत्या डॉक्टरने, कधी, कशासाठी लिहिलं? चिठ्ठी नसताना "रात्री ओरडतात म्हणून" गोळी सुरू झाली असेल तर तो उपचार नाही, तुमच्या सासूबाईंना गप्प करणं आहे. स्मृतिभ्रंशात यातली पहिली तीन औषधं मृत्यूचा धोका वाढवतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ पासून या गटाच्या नव्या औषधांवर तशी ठळक सूचना छापायला लावली. लाळ गळणं, अंग ताठर होणं, पाय ओढत चालणं हे हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाचे परिणाम असू शकतात. स्ट्रिप मोजा, बिलाच्या तारखेशी ताडून बघा. उलटंही आढळतं : रक्तदाबाची गोळी दिली म्हणून खूण आहे आणि स्ट्रिप भरलेली.

दोन सावधगिऱ्या. क्लोनाझेपाम किंवा लोराझेपाम रोज चालू असेल तर रागाच्या भरात एकदम बंद करायला लावू नका, फिट येऊ शकते. आणि झोपाळूपणा अचानक वाढला असेल तर गोळीलाच दोष देऊन थांबू नका. रक्त पातळ करायचं औषध चालू असलेला माणूस पडला की मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचू शकतं, त्याला सीटी स्कॅन लागतो. लघवीचा संसर्ग आणि सोडियम कमी होणं, हीही कारणं आहेत.

सुदामानगरची_सून

नणंदेने आत्ता पाहिलं. आतल्या बाजूला मोठा डाग आहे. सासूबाई मध्येच "मारतात" म्हणतात, पण कोण विचारलं तर विसरतात. आणि लेखी काही मागितलं तर राग त्यांच्यावर निघेल ही धास्ती आहे.

रामबागकर

"तुला त्या बाईने मारलं का?" असं विचारू नका. स्मृतिभ्रंशाचा माणूस मान डोलावतो, मग त्या उत्तराला किंमत राहत नाही. "हात दुखतो का? काय झालं?" एवढंच, मराठीत, खोलीत स्टाफ नसताना. त्या जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह वहीत. विसरतात म्हणून खोटं ठरत नाही. ठरावीक माणूस आत आला की अंग आकसतं का, नजर खाली जाते का, हे विसरण्यावर अवलंबून नसतं.

अजून एक, इंदूरात हमखास होणारं. आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा आधी जाते. आजी हिंदी विसरून मराठीत "लघवीला जायचंय", "तहान लागली", "कुशीला घे" म्हणत राहतात आणि धार-झाबुआकडून आलेल्या मुलीला काही कळत नाही. ती त्याला "चिल्लाना" म्हणते आणि मग गोळी मिळते. लिपी एकच असल्याने सोपा उपाय आहे : दहा शब्द मोठ्या अक्षरांत, समोर हिंदी अर्थ, पलंगाच्या डोक्याशी चिकटवा. यातून छळ थांबणार नाही, आबाळ मात्र बरीच कमी होते. आणि कागद लावूनही फरक पडला नाही, तर तेही कळलंच.

फोटो असे काढा : आधी चेहऱ्यासह पूर्ण हात, मग जवळून, शेजारी नाणं ठेवून. झाकण्याजोगा भाग असेल तर फोटो फक्त घरच्या बाईने काढावा. मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोची तारीख-वेळ निघून जाते. भेटीचा वार बदला. रविवारी अकराला पाहुणे येतात म्हणून साडेदहाला सगळ्यांच्या वेण्या घातलेल्या असतात. बुधवारी रात्री आठला जा.

राग निघेल म्हणून गप्प राहणं हा उपाय नाही, पण क्रम सांभाळा. आधी पुरावा, मग डॉक्टर, मग पत्र. भांडण शेवटी.

वकील_एमजीरोड

वरच्या क्रमात भर. अंगठ्याची खूण मिळाली आहे, तेव्हा उद्यावर टाकू नका. सरकारी रुग्णालयात (इंदूरचं एमवाय रुग्णालय चालेल) तपासणी करून एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायला सांगा. डाग आठवड्या-दोन आठवड्यांत जातात आणि नंतर कागदच बोलतो.

त्याच दिवशी सेंटरला ईमेल : अमुक तारखेपासूनचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, औषधांचा तक्ता व नोंदवहीची प्रत द्यावी. बहुतेक ठिकाणी जुन्या चित्रणावर काही आठवड्यांत नवं चढतं, म्हणून हे पत्र आधी. डॉक्टरकडच्या वैद्यकीय नोंदी मागणी केल्यापासून ७२ तासांत देणं वैद्यकीय आचारसंहितेने बंधनकारक आहे.

पुष्कळ जण सांगतील, एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या) न्यायाधिकरणाकडे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली जा. ते न्यायाधिकरण मुलं-नातेवाइकांकडून निर्वाह मिळवण्यासाठी आहे. त्यातलं कलम २४ ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देण्याबद्दल आहे. सेंटरच्या छळासाठी तो रस्ता नव्हे, वेळ जाईल.

लागू पडतं ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३५७ : असहाय माणसाची काळजी घ्यायचा करार करून जाणूनबुजून न घेणं, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते आणि साधी दुखापत (कलम ११५) दोन्ही अदखलपात्र, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पोलीस नोंद घेऊन मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतात, लोक समजतात टाळलं. हाड मोडलं किंवा सांधा निखळला तर ती गंभीर दुखापत, दखलपात्र. म्हणून खांद्याचा एक्स-रे काढा. बांधून किंवा कोंडून ठेवलं असेल तर कलम १२७. हद्दीवरून परत पाठवलं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा, दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, एफआयआर घ्यावीच लागते. आणि जबाबासाठी सासूबाईंना ठाण्यात न्यायची गरज नाही. कलम १७९ प्रमाणे पोलीस कोणत्याही बाईला तिच्या राहत्या जागेबाहेर हजर राहायला लावू शकत नाहीत.

जीवाला तत्काळ धोका असेल तर ११२. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन एल्डरलाइन १४५६७ सकाळी ८ ते रात्री ८. सेंटर नर्सिंग होम म्हणून नोंदलेलं असेल तर परवाना सीएमएचओकडे (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी), मध्य प्रदेशच्या १९७३ च्या उपचर्यागृह कायद्याखाली. वृद्धाश्रम म्हणून चालत असेल तर सामाजिक न्याय विभाग. कोणतं ते माहीत नसेल तर मंगळवारच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस) मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात अर्ज द्या, दोघांनाही प्रत लावा, पावती घ्या. सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार क्रमांक मिळतो, पाठपुराव्याला बरा. पैसे परत आणि नुकसानभरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

सासूबाईंचं पेन्शन, एटीएम कार्ड, आधार कुणाच्या ताब्यात आहे? कार्ड सेंटरकडे असेल तर आज बंद करा आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. अंगठा लावून पैसे काढायला पिन लागत नाही.

पलासिया_सिस्टर

हलवायचं ठरलं तर एवढंच : दिवसा हलवा, नणंदेबरोबर अजून एक माणूस असू द्या. निघण्याआधी सिस्टरच्या समोर डोक्यापासून टाचेपर्यंत अंग तपासा आणि प्रत्येक डाग डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या, नाहीतर नवी जागा म्हणेल इथे आल्यावर झालं नाही आणि जुनी म्हणेल इथे नव्हतंच. शेवटचा डोस किती वाजता दिला ते लिहून घ्या. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र मोजून घ्या. बिल चुकतं करताना "आमची काहीही तक्रार नाही" असं छापलेला कागद पुढे करतील. पैसे भरा, पावती घ्या, त्या कागदावर सही करू नका.