आयमाउडेनचा धूर आणि ‘आपले’ टाटा

वेल्सनकर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘टाटांनी डच लोकांची हवा नासवली.’ अहो, इथला, म्हणजे नेदरलँड्समधल्या आयमाउडेनचा पोलाद कारखाना १९१८ चा, होगोव्हेन्स या डच कंपनीचा. टाटा आले २००७ मध्ये, तेव्हाची मालक कंपनी कोरस विकत घेतली तेव्हा. आधीची जवळजवळ नव्वद वर्षं चिमण्यांतून काय अत्तर निघत होतं? नऊ हजारांच्या आसपास माणसं तिथे कामाला आहेत, मीही त्यातलाच. झोतभट्ट्या बंद केल्या तर गावात उरतं काय? मासळीचा लिलाव आणि जहाजांसाठीचं ५०० मीटरचं नवं लॉक (जलद्वार)!

सुमेधा_हार्लेम:
‘कुणीतरी’ म्हणजे मीच. घर विकत घेतलं की गळतीही आपलीच, दादा. २०२१ ला आरआयव्हीएमला, म्हणजे डच सरकारच्या आरोग्य संस्थेला, कारखान्याशेजारच्या वाइक आन झे गावाच्या धुळीत शिसं सापडलं, पोरं त्याच मातीत खेळतात. २०२३ चा त्यांचाच अहवाल: तिथल्या माणसाचं आयुष्य या प्रदूषणाने सरासरी अडीच महिन्यांनी कमी होतं.

डोंबिवलीकर:
अडीच महिने? आमचे किती गेले ते कुणी मोजलंच नाही.

अडलेलं_प्यादं:
वाइक आन झेचा विषय निघालाच आहे तर, जानेवारीतली बुद्धिबळ स्पर्धा विसरू नका. आनंद पाचदा जिंकलाय. आणि ते वाटाण्याचं सूप! १९४६ ला युद्धानंतर खायचे वांधे होते म्हणून खेळाडूंना तेच वाढलं, तेव्हापासूनची प्रथा. मी शाकाहारी. सॉसेजचे तुकडे कडेला सारले, बाकी प्यायलो. आईला अजून सांगितलेलं नाही.

डोंबिवलीकर:
म्हणजे बाटलातच की.

रॉटरडॅमचा_बाब्या:
सॉसेज काढलं तर ते स्नेर्ट (डच वाटाण्याचं दाट सूप) नव्हे, आमटी. चमचा उभा राहिला पाहिजे त्यात.

अडलेलं_प्यादं:
आमटीला नावं ठेवायचं काम नाही. तुमच्या रॉटरडॅमात आमटी करता येते कुणाला?

रॉटरडॅमचा_बाब्या:
घरी या, दाखवतो. वाटाणे आदल्या रात्री भिजवता का, एवढं आधी सांगा.

सुमेधा_हार्लेम:
मुलांच्या खेळाच्या मैदानात शिसं, आणि तुम्ही वाटाणे भिजवा! धन्य आहात.

वेल्सनकर:
बरं, कोकभट्ट्या जुनाट आहेत, मान्य. झालं समाधान? सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारशी इरादापत्र झालंय, दोन अब्ज युरोंपर्यंत मदत मिळेल, कारखाना सुधारेल.

सुमेधा_हार्लेम:
वा. गळती तुमच्या घराची, गवंड्याचे पैसे माझ्या टॅक्समधून.

अडलेलं_प्यादं:
बाब्या, सोललेले वाटाणे भिजवत नाहीत.