रेम्ब्रांटच्या चित्रातला बाप: क्षमा की कळवळा?

डच चित्रकार रेम्ब्रांटच्या उधळ्या पुत्राच्या चित्राबद्दल लिहितेय, रशियातल्या हर्मिटाज म्युझियममधलं, १६६० च्या दशकातलं. गोष्ट बायबलातल्या येशूच्या दाखल्याची: धाकटा मुलगा आपली वाटणी घेऊन घर सोडतो, सगळं उधळून कंगाल होऊन परततो आणि बाप त्याला जवळ घेतो. बापाच्या चेहऱ्यावर 'क्षमा' आहे असं लिहिलं तर मैत्रिणीने खोडून काढलं, म्हणाली क्षमा करणारा आधी चूक मोजतो, हा मोजतच नाहीये. मग काय म्हणू? माया? करुणा?

—

कळवळा! मराठी बायबलात हा दाखला आहे तिथे, लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात, हाच शब्द आहे, पोरगा लांब असतानाच बापाला कळवळा येतो आणि तो धावत सुटतो. मूळ ग्रीक क्रियापदाचं नातं थेट आतड्यांशी आहे, आपण आतडं तुटतं म्हणतो ना, तेच.

—

चित्रात कुठे धावतोय, वाकून उभा आहे. नजर खाली, जवळपास आंधळ्यासारखी, जे काही बघणं आहे ते हातांनी चाललंय. त्यातला एक हात रुंद, दुसरा नाजूक, म्हणून बरेच जण त्यात बाप आणि आई दोन्ही बघतात. तुकोबांनी 'कळवळ्याची जाती' माऊलीच्या चित्तालाच लावलीय, तेव्हा माझंही मत कळवळ्याला. करुणा पुस्तकी वाटते.

—

संस्कृत शब्द दिसला की पुस्तकी, हे बरंय! करुण रस काय फक्त पुस्तकात असतो? मला तर 'उधळ्या'च खटकतो. भादरलेलं डोकं, चिंध्या, एक जोडा निसटून उघडा पडलेला तळवा, यात उधळेपणा कुठे दिसतो? 'हरवलेला' म्हणा.

—

उधळ्या अजिबात बदलू नका. उधळणे हे उद्धूलनावरून, म्हणजे धूळ उडवणं, आणि त्याने वाटणीची धूळच केली की. शिवाय आमचे आजोबा उधळ्या म्हणायचे ते पैशावरून नाहीच, घोडा उधळतो तसा घर सोडून सुटलेल्या माणसाला म्हणायचे.

—

घोड्याचा अर्थ वेगळा, तो इथे ओढूनताणून आणताय. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश बघा.

—

आजोबांनी मोल्सवर्थ बघून बोलायला हवं होतं का? वापर हाच पुरावा.

—

उजवीकडे लाल झग्यातला उभा आहे, बहुधा थोरला भाऊ, त्याचंही सांगा ना कुणीतरी. हात एकमेकांत धरलेले, पुढे यायला तयार नाही. मत्सर लिहिणं सोपं आहे पण मला तो रुसवा वाटतो.

—

रुसवा कसला, रुसणाऱ्याला समजूत काढून हवी असते. हा आकस आहे.

—

पण दाखल्यात थोरला घरात यायला तयार नसतो तेव्हा बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतोच की!