भाचा १५ वर्षांचा, पुडी खातो, लोकलला लटकतो, काय करायचं?

ऐरोलीची मावशी:
माझी बहीण तुर्भे स्टोअरला राहते, दाजी ट्रकवर त्यामुळे आठ आठ दिवस बाहेर, ती सकाळीच वाशीला धुणीभांडी करायला निघते ती अंधार पडल्यावर येते. मुलगा नववीत. दिवसभर पोरांबरोबर गुटख्याची पुडी खातो, ठाणे-वाशी लोकलच्या दारात एका हाताने लटकून व्हिडिओ काढतो, आणि हल्ली साधी आमटी पण तिखट लागते म्हणून ताट सारतो. शाळेने दाखला घेऊन जा सांगितलंय. दाजी म्हणतात मार्केटला हमालीला लावतो, आपोआप सुधारेल. मला अजिबात पटत नाहीये, प्लीज कोणीतरी सांगा.

डेंटिस्ट, कळवा:
ताई आधी तोंड दाखवा त्याचं. आमटी झोंबते हे सबम्युकस फायब्रोसिसचं, म्हणजे तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जाण्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं. तोंड उघडायला लावून त्याचीच तीन बोटं उभी घालायला सांगा, जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय. तंबाखूच लागते असं नाही, नुसत्या सुपारीनेही होतं आणि पुढे कॅन्सरचा धोका. नेरूळला डेंटल कॉलेजं आहेत, तिथल्या ओपीडीत न्या.

वस्तीत शिकवणारी:
दाखला काढू नका!! आठवीपर्यंत आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यामुळे शाळा मुलाला काढू शकत नाही, नववीत ते कवच जातं आणि आमची पोरं नेमकी तिथेच गळतात. या वयात दोस्त बघत असले की रिस्क घ्यायची खुमखुमी वाढते, टॉवरमधली पोरं पण हेच करतात हो, फक्त त्यांना सावरायला क्लास, डॉक्टर, पैसा सगळं असतं. हमालीला लावलं तर पुडीला स्वतःचे पैसे येतील एवढंच. सरकारी हॉस्पिटलात मैत्री क्लिनिक कुठे आहे विचारा, १० ते १९ वयाच्या मुलांसाठी असतं, समुपदेशक असतात, फुकट. शाळेत बहिणीबरोबर तुम्ही पण जा, एकट्या बाईला दारातूनच परत पाठवतात.

ठाणेकर:
आणि पुडी देणाऱ्या टपरीवाल्याची तक्रार करा. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, वर १८ खालच्या मुलाला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १०९८ या चाईल्ड हेल्पलाईनला फोन लावा.

ऐरोलीची मावशी:
बोटं घालायला लावली आत्ता. दोनच गेली. शाळेत पण मी जाते बहिणीबरोबर.

डेंटिस्ट, कळवा:
मग उद्याच न्या, सकाळी लवकर केसपेपर काढा. आणि ओरडत नेऊ नका, घाबरला तर तिथे किती खातो ते खरं सांगणार नाही.