शीसाठी डायपरच लागतो
सव्वादोन वर्षांची मुलगी शू पॉटीत करते, पण शी डायपर घातल्याशिवाय करतच नाही, दोन-दोन दिवस दाबून ठेवते, असं वर एका ताईंनी लिहिलंय. आमच्या लेकाचं डिट्टो हेच. पडद्यामागे जाऊन, पायांची कात्री करून, लालबुंद होऊन उभा राहायचा. आम्हाला वाटायचं जोर करतोय. डॉक्टर म्हणाले, रोखून धरतोय. एकदा कडक शी होऊन दुखलं की मुलं धसका घेतात, मग रोखतात, आणि रोखल्याने ती आणखी कडक होते.

म्हणून आधी पोट मऊ, पॉटी नंतर. आमचा पठ्ठ्या दिवसाला चार कप दूध ढोसायचा, ते दोनवर आणलं. भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुका, पपई, भरपूर पाणी. औषध मात्र डॉक्टरांना विचारूनच.

मग डायपर घालूनच पॉटीवर बसवायला लागलो, जेवणानंतर लगेच, कारण पोट भरलं की आतड्यांची हालचाल वाढते. कमोडवर बसवत असाल तर पायाखाली काहीतरी ठेवा, पाय लोंबकळत असले की नीट जोर लावता येत नाही. आम्ही आजीचा पाट बाथरूममध्ये नेला, त्यावरून घरात झालेलं महाभारत वेगळंच!

तिसऱ्या आठवड्यात डायपर नुसता सैल अडकवलेला, मग गायब. रात्रीचं इतक्यात मनावर घेऊ नका. आमच्या गादीवर रबरी शीट अजून आहे.