ठाण्याहून चियांग माईला: दोघांच्या महिन्याच्या खर्चाचा हिशोब

प्रश्न: आईबाबा घोडबंदर रोडचा फ्लॅट भाड्याने देऊन थायलंडला राहायला जाणार आहेत. खर्च कसा मांडावा?

उत्तर १: आधी व्हिसा बघा. निवृत्तांना बँकेत ८ लाख बाथ (थायलंडचं चलन) किंवा महिना ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावं लागतं. ती ठेव घरखर्चात अजिबात धरू नका.

उत्तर २: तिथल्या घराच्या भाडेकरारातला विजेचा दर वाचाच! सरकारी दर युनिटला साधारण ४ बाथ, बरेच घरमालक ७-८ लावतात. एसीमुळे रोज १० युनिट जळाले तर महिन्याला हजारभर बाथ जास्तीचे.

उत्तर ३: मोठी गळती ठाण्याच्या फ्लॅटच्या भाड्यातच आहे. मालक अनिवासी (एनआरआय) झाला की भाडेकरूला भाड्यातून ३१.२ टक्के टीडीएस कापावा लागतो. जास्तीचा कर परत मिळतो, पण रिटर्न भरल्यावर. तोवर हातात कमीच भाडं येणार. विमाही तिकडचा वेगळा घ्या आईबाबांसाठी.