बाबांना डिमेन्शिया निघालाय, कागदपत्रं आत्ताच करावीत का?

रानजाई:
बाबा ७४ वर्षांचे. मागच्या महिन्यात न्यूरोलॉजिस्ट म्हणाले अल्झायमर्सची सुरुवात आहे. अजून सगळ्यांना ओळखतात, पेपर वाचतात, पण परवा बँकेत स्लिपवर सही करताना आडनावापाशी येऊन पेन थांबलं आणि ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. माझं म्हणणं, मृत्युपत्र, खात्यावर आईचं नाव, सगळं याच महिन्यात उरकू. भाऊ म्हणतो आजारी माणसाच्या सह्या घेणं म्हणजे त्यांना जिवंतपणीच घरातून वजा करणं. तुमचं काय मत?

सदाफुली:
तुमच्या भावाचं बरोबर आहे. माझ्या मामीकडून मुलाने असंच "सोयीसाठी" म्हणून फ्लॅटचं बक्षीसपत्र (गिफ्ट डीड) करून घेतलं, तेव्हा आपल्याकडे मुलाला राहतं घर द्यायला स्टॅम्प नाममात्र होता, त्यामुळे विचार करायलाही कोणी थांबलं नाही. आता मामी हॉलमधल्या दिवाणावर झोपते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, पण आईला सांभाळायची अट घालून घर दिलं होतं हे दाखवावं लागतं आणि मामीला तर घर दिल्याचंच आठवत नाही हो, ती काय सांगणार?

वाटसरू:
ताई, मामींचं वाचून वाईट वाटलं, पण बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र एकाच तागडीत घालू नका. मृत्युपत्र माणूस शुद्धीवर आहे तोवर कितीही वेळा बदलू शकतो, बक्षीसपत्र रजिस्टर झालं की घर गेलं. आणि थांबण्याचं काय होतं ते मी भोगलंय. आईचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तिच्या वतीने व्यवहार करायची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, माझ्याकडे होतं म्हणून मी निर्धास्त. नंतर वकिलाने सांगितलं की १८७२ च्या करार कायद्यात कलम २०१ आहे, देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्र संपलं. म्हणजे ज्या दिवसासाठी केलं त्याच दिवशी ते नुसता कागद. एफडी आईच्या एकटीच्या नावावर, नॉमिनी मी, पण खातेदार जिवंत असताना नॉमिनीला एक पैसा काढता येत नाही. बँक म्हणे कोर्टाची ऑर्डर आणा. १९८७ च्या जुन्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णाच्या मालमत्तेची काहीतरी सोय होती, २०१७ च्या नव्या कायद्यात तीही नाही, त्यामुळे हायकोर्टात रिट याचिका, डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळ्या नातेवाईकांची अ‍ॅफिडेव्हिट. अकरा महिने गेले. तोवर आईला सांभाळणाऱ्या बाईचा पगार आणि डायपर मी उसनवारीवर भागवले आणि आईचेच पैसे बँकेत पडून होते.

सदाफुली:
मान्य, पण रिपोर्टवर तारीख असते. उद्या कोणी कोर्टात म्हणालं की मृत्युपत्राच्या आधीच डिमेन्शिया निघाला होता, तर? सख्खी भावंडं कायमची तुटतात यात.

वाटसरू:
निदान झालं म्हणजे समज संपली असं कायदा म्हणत नाही. १९२५ च्या वारसा कायद्यातलं कलम ५९ बघा, मृत्युपत्र करताना त्या वेळी मन ठिकाणावर हवं. म्हणून त्याच दिवशीचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट घ्या, दोन साक्षीदार ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही असे, आणि रजिस्टर करा. सक्ती नाही, स्टॅम्प ड्युटीही नाही, तरी कराच. खातं आईंच्या जोडीने "आयदर ऑर सर्व्हायव्हर" करा, म्हणजे दोघांपैकी कोणालाही एकट्याने चालवता येतं. या सगळ्याला वडिलांची समज लागते आणि ती रोज थोडी थोडी कमी होतेय.

सदाफुली:
मग निदान त्यांना खरं सांगून करा. कागद पुढे सरकवून "इथे सही करा बाबा" हे मला आजही मंजूर नाही.

रानजाई:
काल रात्री भावाला समोर बसवून बाबांना सगळं सांगितलं, आजाराचं नावसुद्धा. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घर दोघांना, पण आधी पोस्टाच्या पासबुकांवर तुमच्या आईचं नाव घाला, ती कधी कोणाकडे मागणार नाही." भावाने ते स्वतःच्या हाताने वहीत लिहून घेतलं. वीस मिनिटांनी बाबांनी हेच परत सांगितलं, शब्दाला शब्द तेच, आणि भावाने ते परत लिहून घेतलं. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, तोही येतोय. बक्षीसपत्राला त्याचा विरोध आहेच, आता माझाही.